विनोदाला पक्ष असतो काय?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानाचे निमंत्रण देताना चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली होती. मात्र निरोप घेता घेता, "तेवढे राजकारण वगळा म्हणजे झाले," असे एक प्रेमळ वाक्य त्यांनी उंबऱ्यात उभे राहून उच्चारले. आपल्या गावी राजकारण वगळून व्याख्यान द्यावयाचे म्हणजे मिठावाचून आमटी करण्यासारखे आहे. तेव्हा आम्ही कळविले की, विनोदावर बोलतो. विनोद हा निरुपद्रवी विषय आहे अशी चालकांची समजूत झाली आणि ती दूर करण्याची घाई आम्ही केली नाही. आता ते पहिल्या रांगेत बसले आहेत आणि आम्ही व्यासपीठावर आहोत. तेव्हा इलाज नाही.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते लग्नघरातल्या थट्टामस्करीविषयी नव्हे. ज्या विनोदाच्या पोटात संताप असतो, जो सत्ताधाऱ्याचे नाव घेऊन, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्याचे सोंग आणतो, त्या विनोदाविषयी बोलावयाचे आहे. अशा विनोदासंबंधी एक गोड वाक्य आपण सभांतून नेहमी ऐकतो. ते असे की, खरा विनोद पक्षातीत असतो. तो ऐकताना मित्र आणि शत्रू दोघेही हसतात. वाक्य गोड आहे, पण खरे आहे काय? एखाद्या पुढाऱ्याची रेवडी उडविली जात असताना त्याचा अनुयायी खरोखर हसतो काय? हसलाच तर घरी जाताना तो तोच अनुयायी असतो, की त्याच्यात काही फरक पडलेला असतो? आणि सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, तीच रेवडी आपल्या पुढाऱ्याची उडू लागली की आपण काय करतो?

या प्रश्नांची परीक्षा करावयास आम्ही आपणांस फार दूर नेणार आहोत. इसवी सनापूर्वीच्या ४२४ व्या वर्षी, ग्रीस देशातील अथेन्स नगरीत. इतक्या दूर जाण्याचे कारण एवढेच की, तेथे नाटक कोणते झाले, त्यास बक्षीस कोणते मिळाले, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच लोकांनी मत कोणास दिले, या तिन्ही गोष्टी आपणांस ठाऊक आहेत. हसणारे लोक आणि मत देणारे लोक एकमेकांसमोर उभे करून पाहण्याची अशी संधी इतिहास क्वचितच देतो.

अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध ४३१ साली जुंपले होते. अथेन्समध्ये लोकसत्ता होती. सभेत जो चांगला बोलेल त्याची चलती होती. पेरिक्लीसच्या मृत्यूनंतर जे पुढारी पुढे आले त्यांत क्लीऑन हा सर्वांत प्रबळ. घराणे मोठे नाही, पण कातडी कमावण्याच्या धंद्यावर गबर झालेले. आवाज खणखणीत, भाषा आक्रमक. न्यायसभेत बसणाऱ्या गरीब नागरिकांचा रोजचा भत्ता त्याने दोन ओबोलांवरून तीन ओबोलांवर नेला, म्हणून गरीब माणूस त्याच्यावर खूष. ४२७ साली मिटिलीनी या बंडखोर नगरातील सगळ्या प्रौढ पुरुषांची कत्तल करावी असा ठराव त्याने सभेकडून मंजूर करून घेतला होता. दुसऱ्या दिवशी लोकांस पश्चात्ताप झाला, ठराव फिरविला गेला आणि आदल्या दिवशीच्या जहाजामागोमाग दुसरे जहाज धाडून नगर कसेबसे वाचविण्यात आले. असा हा पुढारी.

त्याच नगरीत अ‍ॅरिस्टोफेनीस नावाचा एक तरुण नाटककार होता. ४२६ साली वसंतातल्या मोठ्या उत्सवात त्याने 'बाबिलोनी' नावाचे प्रहसन केले. ते नाटक आज उपलब्ध नाही. पण त्यावरून जे घडले ते त्यानेच पुढच्या नाटकात सांगून ठेवले आहे. वसंतोत्सवास अथेन्सच्या अंकित नगरांचे लोक खंडणी घेऊन येत आणि नाटकेही पाहत. क्लीऑनने नाटककारास नगरपरिषदेपुढे खेचले आणि आरोप ठेवला तो हा, की याने परक्यांसमोर आपल्या नगराची निंदा केली. नाटकात सांगितलेले खरे की खोटे, हा मुद्दाच नव्हता. परक्यांसमोर का सांगितले, हा मुद्दा होता. हा आरोप श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा अशी आमची विनंती आहे. पुढे तो आपल्याच अंगणात भेटणार आहे.

नाटककार त्यातून सुटला. पुढच्या वर्षी हिवाळ्यातल्या धाकट्या उत्सवात त्याने नवे नाटक केले आणि पात्राच्या तोंडून सांगून टाकले की, आता क्लीऑनला तक्रारीस जागा नाही, या उत्सवास परके नसतात, आपण घरचेच आहोत! मधल्या काळात क्लीऑनचे नशीब फळफळले. ४२५ च्या उन्हाळ्यात स्फॅक्टीरिया बेटावर स्पार्टाची एक तुकडी कोंडली गेली होती. वीस दिवसांत त्यांना जिवंत आणतो किंवा तेथेच मारतो, अशी बढाई क्लीऑनने भर सभेत मारली. लोक हसले. आणि त्याने ती बढाई खरी करून दाखविली! २९२ कैदी अथेन्सला आले. त्यांत सुमारे १२० अस्सल स्पार्टाचे नागरिक होते. योजना बहुतांशी डेमॉस्थेनीस या सेनापतीची, यश क्लीऑनच्या पदरात. त्यास सरकारी भोजनगृहात सन्मानाचे जेवण आणि नाट्यगृहात पुढच्या रांगेतली जागा मिळाली.

त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळी उत्सवात, ४२४ साली, अ‍ॅरिस्टोफेनीसने 'घोडेस्वार' हे नाटक उभे केले. विजयाची धुंदी उतरलेली नाही, पुढारी कीर्तीच्या शिखरावर आहे, कदाचित तो स्वतःच पुढच्या रांगेत बसला आहे, आणि रंगभूमीवर काय चालले आहे पाहा. एक म्हातारा घरधनी आहे. त्याचे नाव डेमॉस, म्हणजे लोक. आपण त्यास लोकोबा म्हणू. कान जड, स्वभाव तापट, स्तुतीला भुलणारा. त्याच्या घरी एक नवा गुलाम आला आहे, कातडी कमावणारा. त्याने धन्याचे पाय चेपून, तोंडपुजेपणा करून, दुसऱ्या गुलामाने मळलेली पोळी पळवून आपल्या नावावर वाढून सगळे घर ताब्यात घेतले आहे. पळविलेली पोळी म्हणजे स्फॅक्टीरियाचा विजय, हे प्रेक्षकांत न कळणारा कोणी नव्हता. घरातले दोघे जुने गुलाम त्रासून जातात आणि भविष्यवाणी शोधतात. तीत निघते की, या बदमाषास हटविणारा त्याच्याहून मोठा बदमाष असेल, आतड्यांत मांस भरून बाजारात विकणारा फेरीवाला! तो बिचारा म्हणतो, मला लिहितावाचता धड येत नाही. त्यास उत्तर मिळते की, थोडेफार येते हीच तुझी एक उणीव आहे. मग दोघांची खुशामतीची शर्यत लागते. एक उशी आणतो, दुसरा पादत्राणे आणतो; एक भाकिते वाचतो, दुसरा त्याहून मोठी भाकिते वाचतो. आणि लोकोबा बसून दोघांकडून खात राहतो.

मुखवटे करणाऱ्या कारागिरांनी भीतीपोटी क्लीऑनचा हुबेहूब मुखवटा केला नाही, असे नाटकातच सांगितले आहे. ही थट्टा असेल, सत्यही असेल. पण नाटकास पहिले बक्षीस मिळाले, हे सत्य आहे. परीक्षक नगराच्या दहाही गणांतून चिठ्ठ्या टाकून निवडले जात. तेव्हा एका गटाने आपल्या माणसास बक्षीस देऊन टाकले, असे म्हणता येत नाही. क्लीऑनचे चाहते त्या प्रेक्षकांत हजारांनी असले पाहिजेत. ते हसले. पुढाऱ्याच्या समोर, पुढाऱ्यावर हसले.

आणि मग वसंत आला. सेनापतींची निवडणूक आली. ही निवडणूक सभेत हात वर करून होत असे. त्या सभेने क्लीऑनला सेनापती निवडले.

टाळ्या वाजविणारे हात आणि वर झालेले हात बव्हंशी तेच होते. विनोद पक्षातीत असतो असे सांगणाऱ्यांनी या घटनेकडे डोळे उघडून पाहावे, असे आम्हांस वाटते. हसणे वेस ओलांडून गेले, यात शंका नाही. मत वेशीच्या आतच राहिले. नाटककारास याचा इतका संताप आला की पुढच्या 'मेघ' नाटकात त्याने प्रेक्षकांस त्याबद्दल फैलावर घेतले.

मग लोक हसले तरी कशाला? विद्वानांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. १९३८ साली गॉम या इंग्रज पंडिताने असे मांडले की, नाटककाराचा पक्ष शोधणे व्यर्थ आहे. तो नाटककार होता एवढे पुरे. १९७२ साली द सेंट क्रॉय यांनी ते खोडून काढले आणि दाखविले की, हा गृहस्थ चांगलाच पक्षपाती होता. गरिबांच्या पुढाऱ्यांवर त्याचा दात होता, खानदानी श्रीमंतांना त्याने कधी तसे सोलून काढले नाही. आम्हांस दुसऱ्या पंडिताचे म्हणणे सत्याच्या जवळचे वाटते. नाटकातला गायकवृंदच मुळी श्रीमंत घोडेस्वारांचा आहे, आणि ते क्लीऑनचे हाडवैरी होते. क्लीऑनला शिव्या कशावरून? तर त्याच्या धंद्यावरून, कातड्याच्या वासावरून. आपल्या देशात, जेथे कातड्याला हात लावणाऱ्या माणसाचे पाणी शतकानुशतके वेगळे ठेवले गेले, तेथे हा विनोद ऐकून हसू येत नाही. मान खाली जाते. नाटकातला तो भाग मेला आहे, आणि तो मेला याचे आम्हांस दुःख नाही.

जिवंत राहिला तो लोकोबा. नाटकाच्या उत्तरार्धात गायकवृंद त्यास म्हणतो की, तू राजा असून मूर्ख आहेस, जो गोड बोलेल त्याच्या मागे तोंड वासून जातोस. त्यावर तो म्हातारा जे उत्तर देतो त्याचा आशय असा: मी मूर्ख नाही, मूर्खपणाचे सोंग करतो, चोराला खाऊपिऊ घालून पुष्ट करतो आणि वेळ आली की खाल्लेले सगळे ओकायला लावतो. हे ऐकताना प्रेक्षक कोणावर हसत होते? आमच्या समजुतीप्रमाणे येथे ते क्लीऑनला विसरले होते. प्रत्येक जण स्वतःवर हसत होता आणि स्वतःची पाठही थोपटून घेत होता. क्लीऑनचा अनुयायी आणि क्लीऑनचा वैरी हे दोघे एकाच बाकावर बसून हसले ते या ठिकाणी. कारण लोकोबा दोघांच्याही घरचा होता.

यावरून आमच्या मनात जी गोष्ट उभी राहते ती अशी. संतापाचा जो अंश एका माणसावर, त्याच्या कुळावर, धंद्यावर, रूपावर खर्च होतो, तो पक्षाचाच राहतो आणि पक्षाबरोबर जातो. जो अंश पाहणाऱ्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात ओढतो, तोच वेस ओलांडतो. इंग्रजीतल्या स्विफ्टचे उदाहरण याच जातीचे आहे. १७१० नंतरची चार वर्षे त्याने टोरी पक्षासाठी लेखणी झिजविली. त्या वेळी त्या लेखांनी लंडन हालविले असेल, आज ते अभ्यासकांपलीकडे कोणी उघडत नाही. पुढे १७२९ साली आयर्लंडच्या उपाशी मुलांवर त्याने जे भीषण उपरोधाचे पत्रक लिहिले, त्यात इंग्रज सत्ता, आयरिश जमीनदार आणि शहाणपणाने आकडे मांडणारा वाचक यांतला कोणीच सुटत नाही. ते आजही वाचवत नाही आणि वाचल्यावाचून राहवतही नाही.

पुन्हा अथेन्सकडे वळू, कारण तेथली दोन टोके सांगावयाची राहिली आहेत. संतप्त विनोद नेहमी न्यायाच्याच बाजूला असतो असा एक भ्रम आहे. 'मेघ' नाटकात अ‍ॅरिस्टोफेनीसने सॉक्रेटिसाचे सोंग आणले, त्यास टोपलीत बसवून आकाशात टांगले आणि पैसे घेऊन खोटे खरे करून दाखविणाऱ्यांच्या पंक्तीस बसविले. ते नाटक स्पर्धेत शेवटचे आले. पण चोवीस वर्षांनी, ३९९ साली, सॉक्रेटिसावर खटला झाला तेव्हा, प्लेटोच्या लेखाप्रमाणे, त्याने न्यायसभेस सांगितले की, माझ्यावरचे जुने आरोप तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात आणि एका प्रहसनात पाहिलेही आहेत. पडलेले नाटक लोकांच्या मनात चोवीस वर्षे जगले. विनोदकाराने हे विसरू नये. मत फिरविण्याची ताकद हसण्यात नसेल, पण एखाद्याची प्रतिमा मनात कायमची विद्रूप करून ठेवण्याची ताकद त्यात आहे.

दुसरे टोक याहून सुखद आहे. ४११ साली अथेन्समध्ये उमरावांनी लोकसत्ता उलथून टाकली होती. ती पुन्हा स्थापन झाल्यावर त्या कटात सापडलेल्या पुष्कळांचे नागरिकत्वाचे हक्क गेले. ४०५ साली, युद्ध हरण्याच्या काठावर असताना, 'बेडूक' या नाटकात अ‍ॅरिस्टोफेनीसने मध्येच विनोद थांबवून प्रेक्षकांस सांगितले की, चुकलेल्यांना क्षमा करा, त्यांचे हक्क परत द्या, घर बुडताना भावंडांचा हिशेब काढीत बसू नका. या नाटकास पहिले बक्षीस मिळाले, आणि याच भागाबद्दल ते पुन्हा एकदा करविण्यात आले, अशी प्राचीन नोंद आहे. त्याच वर्षी पॅट्रोक्लीडीसच्या ठरावाने पुष्कळांचे हक्क परतही मिळाले. ठराव नाटकामुळे झाला असे आम्ही म्हणत नाही. आरमाराचा नाश झाल्यावर लोकांना शहाणपण येणे भागच होते. पण वीस वर्षे ज्याच्या जिभेची धार लोकांनी पाहिली होती, त्याने क्षमा मागितली म्हणून ती ऐकली गेली. भाटाने मागितली असती तर कोणी ऐकली असती?

आता घरी येऊ. मराठी माणसाला संतप्त विनोद शिकवावा लागत नाही. शिवरामपंत परांजप्यांच्या 'काळ'मधील वक्रोक्ती सरकारला इतकी झोंबली की १९०८ साली त्यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली बंद पडले. कीचकाच्या सोंगात लॉर्ड कर्झन दिसतो हे पिटातल्या प्रेक्षकासही कळत होते आणि सरकारासही. पण तेथे प्रश्न सोपा होता. शत्रू परका होता आणि हसणारे सगळे एका बाजूला होते. अवघड काळ आला तो पुढे, आपल्याच माणसांशी भांडण जुंपले तेव्हा.

फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तीत प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते, हिंदुसभा आणि जनसंघही होते. एरव्ही एकमेकांच्या सभेत दगड टाकणारी ही मंडळी. त्यांना एका मैदानावर बसवून एकाच वेळी हसविण्याचे काम ज्यांनी केले त्यांत आचार्य अत्रे अग्रभागी होते. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचा 'मराठा' निघाला. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी सांगत की, खादीची टोपी घालणारे एक शेजारी तो अंक विकत घेत नसत. दुपारी आमच्या ओसरीवर येऊन वाचून जात, तेही दुसऱ्या कोणाची चाहूल लागेपर्यंत. मोरारजींवरचा मजकूर वाचताना ते मिशीत हसत, आणि मतदानाच्या दिवशी जेथे मत द्यावयाचे तेथेच देऊन येत. अथेन्सच्या प्रेक्षकाचा हा सख्खा वंशज!

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली, अत्रे स्वतः दादरमधून निवडून आले, तेव्हा विनोदाने मते फिरविली असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. मते फिरविली ती हुतात्म्यांच्या रक्ताने आणि विरोधी पक्षांच्या एकजुटीने. तोच विनोद विदर्भातही छापून जात होता, मराठवाड्यातही जात होता. तेथे काँग्रेस टिकली आणि द्वैभाषिकाचे राज्य तिच्याच हाती राहिले. विनोदाने केले ते दुसरेच काम. ज्यांना एकत्र बसण्याची सवय नव्हती त्यांना एकत्र बसण्याची सवय लावली. हे काम लहान आहे असे आम्ही मानत नाही.

परंतु अत्र्यांच्या बाबतीत आमच्या मनात घर करून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. या लढ्यात त्यांनी पंडित नेहरूंवर जेवढे कोरडे ओढले तेवढे फार थोड्यांनी ओढले असतील. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले, आणि त्याच अत्र्यांनी 'मराठा'त एकामागून एक शोकलेख लिहिले. ते पुढे 'सूर्यास्त' या नावाने पुस्तकरूपाने आले. कोणी म्हणेल, हा कोलांटउडीचा प्रकार आहे. आम्ही म्हणतो, संताप खरा होता याचाच हा पुरावा आहे. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्यावरच माणूस असा संतापतो. भाडोत्री निंदकाला शत्रू मेल्यावर रडू येत नाही. अ‍ॅरिस्टोफेनीसनेही पुढे अभिमानाने सांगितले होते की, क्लीऑन बलाढ्य होता तेव्हा मी त्याच्या पोटात गुद्दा मारला, पण तो पडल्यावर त्याला तुडविले नाही. दोघांची जात एकच.

दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४८ साली साप्ताहिक काढले, तेव्हा त्याचे उद्घाटन करणाऱ्या नेहरूंनी मलाही सोडू नका असे त्यांना बजावले होते, आणि शंकर यांनी ती आज्ञा तंतोतंत पाळली. ते साप्ताहिक १९७५ साली, आणीबाणीच्या काळात बंद झाले. हसणाऱ्यापेक्षा ज्यावर हसावयाचे त्याची छाती मोठी लागते, असे आम्ही पूर्वी म्हणत असू. आता वाटते, तिसरीही एक छाती लागते, ती त्याच्या अनुयायांची. पुढारी एक वेळ हसून सोडून देतो. त्याच्या मागे उभे असलेल्या चाळीस जणांना ते सोडवत नाही. आणि विनोदकारच पुढारी झाला तर प्रश्नच मिटतो. मुंबईत १९६० साली 'मार्मिक' निघाले, त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतरावांच्या हस्ते झाले, आणि सहा वर्षांत त्यातून एक पक्ष उभा राहिला. कुंचला उत्तम होता हे विरोधकही मान्य करतात. पण कुंचला धरणाराच झेंडा धरू लागला की हसणाऱ्यास अगोदर सभासद आहोत की नाही हे ठरवावे लागते.

हे सारे दुसऱ्यांविषयी झाले. आता ज्या कारणाने हा विषय आम्ही निवडला ते सांगतो, आणि थोडक्यात सांगतो, कारण त्यात आमची शोभा नाही.

काही वर्षांपूर्वी, एका निवडणुकीच्या आधीच्या जत्रेत, आपल्याच भागातल्या एका गावी लोकनाट्याचा खेळ होता. गण झाला, गौळण झाली, बतावणी सुरू झाली. सोंगाड्याने बंगळूरच्या मंत्र्याचे सोंग आणले. आम्ही पोट धरून हसलो. मुंबईच्या मंत्र्याचे आणले, जो दर अधिवेशनात सीमाभागासाठी एक ठराव मांडतो आणि चहा प्यायला जातो. आम्ही त्याहून जास्त हसलो आणि कोणीतरी शंभराची नोट बक्षीस दिली. मग सोंगाड्याने एक पाट मांडला. एकाच पाटावर दोघे जण बसावयास आले. दोघांच्या तोंडी एकच घोषणा, दोघांच्या हाती एकच झेंडा. हा त्याला ढकलतो, तो याला ओढतो. दोघेही ओरडतात, पाट आपलाच! तेवढ्यात तिसरा येतो, समोरचे ताट उचलतो आणि शांतपणे जेवून निघून जातो. ते दोघे अजून पाटच ओढीत आहेत.

त्या मतदारसंघात आपलेच दोन उमेदवार उभे होते, हे श्रोत्यांस सांगावयास नको.

मंडपाच्या उजव्या अंगास हशा पिकला. डाव्या अंगास आम्ही कार्यकर्ते बसलो होतो. तेथे शांतता पसरली. मग एक जण उठला, मग पाच जण उठले, आणि त्या पाचांत आम्ही होतो. रंगमंचाजवळ जाऊन आम्ही खेळ थांबविला. काय बोललो ते आम्हांस अक्षरशः आठवते. आम्ही म्हणालो, "मंडपात कानडी मंडळी बसली आहेत. परक्यांसमोर आपली लक्तरे धुता? लाज नाही वाटत?"

क्लीऑनचे वाक्य! अडीच हजार वर्षांनी, शुद्ध मराठीत, आमच्या तोंडून. त्या वेळी ते आम्हांस ठाऊक नव्हते. पुढे ग्रंथात वाचले तेव्हा हातातले पुस्तक खाली ठेवावे लागले.

गंमत अशी की, ज्या कानडी मंडळींची आम्हांस एवढी लाज वाटली, त्यांतले आमच्या ओळखीचे एक किराणा दुकानदार मंडपाबाहेर भेटले. ते म्हणाले, "कशाला बंद केलात हो? आमच्यातपण दोघं उभे आहेत की. मी आमच्याच दोघांना हसत होतो." ते ज्या पक्षाला मत देतात त्याचे आणि आमचे जन्मात जमणार नाही, भाषेच्या प्रश्नावर तर नाहीच नाही. तरी त्या पाटावरच्या दोघांत त्यांनी आपली माणसे पाहिली होती. विनोद वेस ओलांडून गेला होता. आडवे उभे होतो ते आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सोंगाड्या घरी आला. हातात अर्धी बिदागी होती. खेळ अर्धा झाला म्हणून अर्धे पैसे परत करावयास आला होता. ओटीवर बसेना. उभ्यानेच म्हणाला, "आण्णा, मंत्र्याचं सोंग केलं तवा तुमी नोट दिली. तुमचं सोंग केलं तवा तुमी पडदा पाडला. मग आमी सोंग करायचं तरी कुणाचं?" आम्ही पैसे घेतले नाहीत. पण उत्तरही दिले नाही. कारण ते आमच्यापाशी नव्हते. मतमोजणीत काय झाले हे आपण जाणता. दोन्ही उमेदवार पडले. बतावणी बंद केली नसती तर निकाल वेगळा लागला असता असे आम्ही मुळीच म्हणत नाही; अथेन्सचा दाखला आत्ताच दिला आहे. लोक हसले असते आणि ज्याला मत द्यावयाचे त्यालाच देऊन आले असते. परंतु त्या रात्री दोघा उमेदवारांची माणसे एका मंडपात, एका सतरंजीवर बसली होती, आणि एकत्र हसण्याची तेवढी एक संधी त्यांना मिळत होती. ती आम्ही घालविली.

चालकांनी घड्याळाकडे पाहावयास आरंभ केला आहे, तेव्हा एकच निवेदन करतो. तो सोंगाड्या आता थकला आहे; फड त्याचा मुलगा चालवितो. यंदाच्या जत्रेस त्याच फडास बोलवावे, आणि अर्धी राहिलेली ती बतावणी त्याने पुरी करावी, असे पत्र आम्ही जत्रा समितीस लिहिले आहे. समितीचे उत्तर अद्याप आलेले नाही. एका सभासदाने खासगीत विचारले की, निवडणूक जवळ आली असताना हे कशाला? फडाकडून मात्र निरोप आला आहे. मुलगा म्हणतो की, पाटावरचे दोघे आहेतच, पण या खेपेस त्याला खेळ थांबवावयास उठणारा एक गृहस्थही घालावयाचा आहे. धोतर, काळी टोपी आणि हातात छत्री. छत्री आम्ही बाळगतो. आम्ही उलट निरोप पाठविला आहे की, पुढच्या रांगेत एक जागा आमच्यासाठी धरून ठेवावी.